वाणच्या पुढची वाट

२००४ साली वर्तमानपत्रांत आलेल्या एका बातमीचं कात्रण मी अजून जपून ठेवलं आहे. गढवाल हिमालयात रूपकुंड नावाचं एक लहानसं तळं आहे, त्याच्या काठी आणि पाण्यात शेकडो माणसांची हाडं पडली आहेत, त्यांतल्या काहींच्या डीएनएची तपासणी झाली आणि तीत कोकणस्थ ब्राह्मणांशी जुळणाऱ्या खुणा मिळाल्या, अशी ती बातमी होती. समुद्रसपाटीपासून पाच हजार मीटर उंचीवरच्या, वर्षातले बहुतेक महिने गोठलेल्या त्या तळ्याकाठी कोकणातली माणसं कशाला गेली असतील, या कुतूहलाने मी या विषयाच्या मागे लागलो. पंधरा वर्षांनी, २०१९ मध्ये, कितीतरी मोठी तपासणी प्रसिद्ध झाली. कोकणस्थांचा मुद्दा तीत मागे पडला आणि त्याच्या जागी जे आलं ते जास्तच अचाट होतं.

रूपकुंडाबद्दल आजवर जे लिहिलं गेलं, त्यात दोनच प्रश्न फिरून फिरून येतात. हे लोक कोण होते? आणि ते कशाने मेले? दोन्ही प्रश्न तळ्याला विचारलेले आहेत. पण तळ्याकाठी कुणी राहत नव्हतं, राहणं शक्यही नव्हतं. जे तिथे मेले ते चालत आलेले होते, म्हणजे कुठल्यातरी वाटेने आलेले होते. ती वाट आजही आहे. तिला नावं आहेत, नियम आहेत, देव आहेत आणि तिची एक गोष्टही आहे. इतिहासाच्या अभ्यासकाने तळ्याइतकंच, किंबहुना त्याहून जास्त, त्या वाटेकडे पाहायला हवं, असं माझं मत झालं आहे. ते का, हे सांगण्यासाठी हा लेख.

नावांची वाट

रूपकुंड उत्तराखंडच्या चमोली जिल्ह्यात, ७,१२० मीटर उंचीच्या त्रिशूळ पर्वताच्या कुशीत आहे. उंची ५,०२९ मीटर. तळं म्हणावं तर व्यास जेमतेम चाळीस मीटर; आपल्याकडचा एखादा देवळापुढचा मोठा तलाव याच्यापेक्षा ऐसपैस असतो. तिथे जायची रूढ वाट लोहाजंगवरून वाणला जाते. वाण हे शेवटचं गाव. त्यापुढे माणसाची कायमची वस्ती नाही.

वाणहून जंगलातून चढत गेलं की बेदनी बुग्याल लागतं. बुग्याल म्हणजे झाडांची हद्द संपल्यावरचं डोंगरमाथ्यावरचं गवताळ कुरण. बेदनीची उंची सुमारे ३,३५० मीटर. इथे वैतरणी कुंड आहे आणि लोक पितरांचं तर्पण करतात. बेदनीच्या पुढे घोडालोटाणी. नावाचा अर्थ उघड आहे: जिथून घोडं परत फिरतं ती जागा. त्यापुढे पातर नचौनी, मग खडी चढण संपते तिथे कैलू विनायक, त्यापुढे भगुवाबासाचा दगडाळ मुक्काम, आणि तिथून शेवटची घसरडी चढण चढली की रूपकुंड. वाट तिथे थांबत नाही. तळ्याच्या वरच्या धारेवर ज्यूंरागली नावाची खिंड आहे, म्हणजे मृत्यूची गल्ली. ती ओलांडून पलीकडे शिलासमुद्र या नावाच्या दगडधोंड्यांच्या अफाट पसाऱ्यात उतरायचं आणि शेवटी होमकुंड.

मी ही वाट रूपकुंडापर्यंत चाललो तेव्हा मला सर्वांत उपयोगी पडली ती ही नावं. घोडालोटाणीला कळतं की सामान आता माणसाच्या पाठीवर आलं. कैलू विनायकाला काळ्या दगडाचा गणपती आहे. तिथवर दम टिकला तर पुढे जा, नाहीतर नमस्कार करून मागे फिर, असा त्याचा सरळ व्यवहार आहे. ज्यूंरागलीच्या नावात तर इशाराच आहे. नकाशे नव्हते तेव्हा वाटसरूला जे सांगायला हवं ते सगळं या नावांत भरून ठेवलेलं आहे. आपल्या सह्याद्रीतल्या घाटवाटांचंही असंच आहे. जुन्या वाटेवरचं नाव सहसा शोभेसाठी ठेवलेलं नसतं.

पातर नचौनी या नावाचं हल्ली थोडं वाईट झालं आहे. बाहेरून येणारे ट्रेकर ते ‘पत्थर नाचनी’ असं म्हणतात आणि नाचणारे दगड असा काहीतरी अर्थ लावतात. मूळ शब्द पातर, म्हणजे नर्तकी. जुन्या मराठीतही हा शब्द याच अर्थाने होता. आणि हे नाव समजायचं तर वाटेची गोष्ट समजून घ्यावी लागते.

माहेरवाशीण आणि राणी

ही वाट नंदादेवीची. गढवाल-कुमाऊंत नंदा ही देवी कमी आणि लेक जास्त. गढवाल तिचं माहेर, कैलास तिचं सासर. दर वर्षी भाद्रपदात कुरूड गावाहून तिची लोकजात निघते आणि बेदनी बुग्यालपर्यंत जाते. जात म्हणजे यात्रा. आणि बारा वर्षांनी एकदा, निदान परंपरेच्या हिशेबाने, नौटी गावाहून मोठी राजजात निघते. अंतर सुमारे २८० किलोमीटर, काळ जवळपास वीस दिवस. पुढे चार शिंगांचा मेंढा, बरोबर रिंगाळाच्या, म्हणजे बारीक बांबूच्या, छंतोल्या. गावोगावच्या बायका नंदेला निरोप देताना पोटची मुलगी सासरी निघावी तशा रडतात. होमकुंडाला पूजा झाली की पाठीवर देवीचा आहेर लादलेला तो मेंढा एकटा बर्फाकडे सोडून देतात आणि माणसं मागे फिरतात.

मराठी माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. त्याच भाद्रपदात, जवळपास त्याच दिवसांत, आपल्या घरी गौरी माहेरपणाला येतात आणि तिसऱ्या दिवशी जातात. फरक इतकाच की आपण गौरीला विहिरीपर्यंत किंवा नदीपर्यंत पोचवतो, आणि गढवालातली माणसं लेकीला पाच हजार मीटरांवरची खिंड ओलांडून सासरच्या वेशीपर्यंत घालवायला जातात. वाणमध्ये लाटू देवतेचं देऊळ आहे. लाटू हा नंदेचा भाऊ. वाणच्या पुढे जातेचा अगुवा तोच. आपल्याकडे बहिणीला आणायला मुराळी जातो. इथे भाऊ तिला पोचवायला पुढे होतो.

या वाटेची जी गोष्ट गाण्यांतून सांगितली जाते ती अशी. कन्नौजचा राजा जसधवल आपली राणी बलंपा हिच्यासह जातेला निघाला. राणी गरोदर होती. राजाने बरोबर नर्तकी घेतल्या आणि वाटेत नाचगाण्याची मैफल मांडली. देवी कोपली. नर्तकी जिथे नाचल्या तिथेच त्यांचे दगड झाले किंवा त्या जमिनीत गडप झाल्या. ते पातर नचौनी. पुढे राणी वाटेतच बाळंत झाली आणि त्या विटाळाने देवीची पवित्र भूमी बाटली. मग आभाळातून लोखंडासारख्या गोळ्यांचा मारा झाला आणि राजाचा सारा लवाजमा रूपकुंडाशी संपला.

कन्नौजच्या माहीत असलेल्या राजवंशांत जसधवल नावाचा राजा सापडत नाही. ‘जस’ म्हणजे यश हे पाहून आठव्या शतकातल्या कन्नौजच्या यशोवर्म्याकडे बोट दाखवायचा मोह होतो. पण नुसत्या नावाच्या साम्यावर इतिहास उभा राहत नाही. तरी ही गोष्ट मोडीत काढण्यासारखीही नाही. तिच्यात तीन गोष्टी ठामपणे सांगितलेल्या आहेत: ही माणसं दूर मैदानातून आली होती, त्यांच्यात बायका होत्या, आणि मरण आभाळातून आलं. हे तीन मुद्दे लक्षात ठेवून आता हाडांकडे वळू.

तळ्याला विचारलेले प्रश्न

१९४२ साली वनखात्याचे अधिकारी हरिकिशन मढवाल यांच्या पाहण्यात ही हाडं आली. महायुद्धाचे दिवस होते. हिमालयातून लपतछपत आलेले जपानी सैनिक तर नव्हेत, अशी पहिली शंका आली. हाडं जुनी आहेत हे दिसल्यावर ती मिटली. १९५० च्या दशकात लखनौ विद्यापीठाचे मानववंशशास्त्रज्ञ डॉ. डी. एन. मजुमदार यांनी या जागेचा अभ्यास हाती घेतला. त्याच दशकात कैलास-मानसरोवराचे जाणकार म्हणून प्रसिद्ध असलेले स्वामी प्रणवानंद तिथे जाऊन आले. त्यांनी ही हाडं जसधवलाच्या यात्रेकरूंची मानली. दुसरीकडे सैन्याचे तर्क होते. चौदाव्या शतकात महंमद तुघलकाने हिमालयात पाठवलेली आणि वाताहत झालेली फौज. किंवा १८४१ मध्ये तिबेटच्या स्वारीत मारला गेलेला डोग्रा सेनापती जोरावरसिंग आणि त्याचे पळून येणारे शिपाई. कुणी साथीचा रोग म्हणालं, कुणी वाट चुकलेले व्यापारी.

यातले बरेच तर्क वाट पाहिली असती तर तिथेच गळून पडले असते. तिबेटच्या व्यापाराच्या गढवालातल्या वाटा माणा आणि नीती या खिंडींतून जातात. रूपकुंडाची वाट तिबेटला जातच नाही. ज्यूंरागली ओलांडून गेलं तर शिलासमुद्र आणि होमकुंड, आणि त्यापुढे हिमशिखरं. या वाटेला जायचं ते फक्त नंदेसाठी, मेंढरांसाठी, नाहीतर निव्वळ पाहण्यासाठी. तिबेटमधून पळणाऱ्या फौजेला इथे येण्याचं कारण नव्हतं. शिवाय लढाऊ फौजेच्या तळाशी जुळेल असा शस्त्रसाठाही तिथे सापडलेला नाही. सापडलं ते वाटसरूचं सामान: लाकडी वस्तू, अंगठ्या, काही भाल्यांची पाती, आणि चामड्याची पादत्राणं. या शेवटच्या वस्तूकडे मी पुढे येणार आहे.

पुण्याचा धागा

२००३ साली नॅशनल जिओग्राफिकच्या पुढाकाराने एक पथक रूपकुंडाला गेलं. हायडेलबर्ग विद्यापीठाचे विल्यम सॅक्स त्यात होते. १९८७ च्या राजजातीत ते यात्रेकरूंबरोबर चालले होते आणि नंदादेवीच्या यात्रेवर त्यांनी १९९१ मध्ये ‘माउंटन गॉडेस’ हे पुस्तक प्रसिद्ध केलं होतं. हाडांच्या अभ्यासाचं काम पुण्याच्या डेक्कन कॉलेजकडे आलं. डॉ. सुभाष वाळिंबे आणि डॉ. वीणा मुश्रीफ-त्रिपाठी यांनी कवट्या तपासल्या, तेव्हा काहींवर एका विशिष्ट प्रकारची जखम दिसली. तलवारीचा किंवा भाल्याचा घाव असतो तशी ती नव्हती. वरून आलेल्या, गोल आणि कठीण वस्तूच्या तडाख्याने हाड आत दबावं तशी ती होती, आणि भरून येण्याची खूण नव्हती. म्हणजे जखम झाल्यावर माणूस फार जगला नव्हता. गाण्यात सांगितलेला लोखंडी गोळ्यांचा मारा म्हणजे मोठाल्या गारांचा वर्षाव असावा, हा तर्क इथून पुढे आला. त्या धारेवर आडोशाला काहीही नाही हे पाहिलं, की हा तर्क पटायला जड जात नाही.

ऑक्सफर्डमध्ये झालेल्या कार्बन चाचणीत साल आलं इसवी सन ८५०, तीस वर्षं मागे-पुढे. हैदराबादच्या पेशी व रेण्वीय जीवविज्ञान केंद्रात डीएनए तपासला गेला आणि त्यातून ती कोकणस्थांची बातमी आली. चित्र पूर्ण झाल्यासारखं वाटलं: नवव्या शतकातला एक मोठा यात्रेकरूंचा जथा, त्याच्याबरोबर स्थानिक हमाल, आणि गारांचं एक वादळ. गोष्ट आणि विज्ञान एकमेकांना भेटले होते. कन्नौजवर तेव्हा प्रतिहारांचं राज्य होतं, एवढं जुळवून घेतलं की झालं.

तीन काळ, तीन माणूसमेळे

ऑगस्ट २०१९ मध्ये ‘नेचर कम्युनिकेशन्स’ या नियतकालिकात जे संशोधन प्रसिद्ध झालं, त्यात हैदराबादचे संशोधक होते, हार्वर्डचे होते आणि डेक्कन कॉलेजच्या डॉ. मुश्रीफ-त्रिपाठीही होत्या. या वेळी ३८ जणांचा जनुकीय आराखडा मिळाला. त्यांतले २३ जण भारतीय उपखंडातले होते, पण एका घराण्याचे किंवा एका जातीचे नव्हते; निरनिराळ्या समाजांतले होते. त्यांच्या हाडांतून त्यांच्या खाण्याचा जो माग लागतो त्यातही असंच वैविध्य आहे. अडतीसांत कुणीही कुणाचं जवळचं नातेवाईक नव्हतं. शिवाय हे तेवीस जण एका दिवशी मेलेलेही नाहीत. त्यांच्या तारखा साधारण सातव्या ते दहाव्या शतकांत विखुरल्या आहेत.

उरलेल्यांपैकी १४ जणांचं मूळ पूर्व भूमध्य सागराच्या प्रदेशातलं निघालं. आजच्या ग्रीस आणि क्रीटच्या लोकांच्या सर्वांत जवळचं. आणि एक जण आग्नेय आशियाई वंशाचा. या पंधरा जणांचा मृत्यू झाला तो इसवी सन १८०० च्या आसपास.

हे वाचल्यावर सिकंदर आठवणं साहजिक आहे. पण ते चौदा जण सिकंदराच्या शिपायांचे इथे राहून गेलेले वंशज असते, तर दोन हजार वर्षांत झालेली सरमिसळ त्यांच्या जनुकांत दिसली असती. ती दिसत नाही. म्हणजे ही माणसं, किंवा फार तर त्यांचे अगदी जवळचे पूर्वज, थेट तिकडून आले होते. त्या प्रदेशावर तेव्हा ऑटोमन तुर्कांची सत्ता होती. इकडे गढवालात १८०३ चा मोठा भूकंप झाला, त्याच्या पाठोपाठ गुरख्यांनी राज्य जिंकलं, आणि १८१५ मध्ये कंपनीने गुरख्यांना हटवलं. अशा धामधुमीच्या काळात भूमध्य सागराकाठच्या स्त्री-पुरुषांची एक तुकडी रूपकुंडापर्यंत गेली आणि संपली. अशा तुकडीची कुठलीही लेखी नोंद समोर आलेली नाही.

यावर बरंच लिहून आलं ते ‘गूढ आणखी वाढलं’ या सुरात. तळ्याकडेच पाहत राहिलं तर ते खरं आहे. नवव्या शतकातला बिहारी किंवा माळव्यातला यात्रेकरू असो, आग्नेय आशियातला एकटा माणूस असो की १८०० सालचा क्रीटकडचा प्रवासी असो, या तिघांत समान काय आहे? वंश नाही, काळ नाही, धर्म बहुधा नाही, मरणाचं कारणही एकच असण्याची गरज नाही. समान आहे ती वाट. हजार वर्षांच्या अंतराने माणसं त्याच चढणीवर आली, याचा अर्थ हजार वर्षं ती चढण चालती होती.

हाडं तळ्यात कशी गेली

भगुवाबासाकडून येणारी वाट तळ्याच्या खळग्याच्या कडेला पोचते आणि तशीच वर ज्यूंरागलीकडे चढते. खळगा खोल वाटीसारखा आहे, तिन्ही बाजूंनी सुट्या दगडांचे उतार तळ्याकडे गेलेले. वर धारेवर कुणी पडलं, गारठून बसलं, घसरलं, तर ते काही वर्षांनी खालीच येणार. दरडी कोसळतात, बर्फ दर उन्हाळ्यात थोडं थोडं सरकतं, आणि वाटेवरचं सगळं वाटीत जमा होतं. तिथे उभं राहून मी एक दगड पायाने हलवला तर तो थेट पाण्यापर्यंत गेला आणि जाताना आणखी चार घेऊन गेला. हजार वर्षं हेच चाललं आहे.

म्हणून ‘तळ्याकाठी शेकडो माणसं मेली’ हे वाक्यच मला फसवं वाटतं. माणसं वाटेवर मेली. निरनिराळ्या शतकांत, कधी एकेकटी, कधी जथ्याने मेली. तळ्याने त्यांना एकत्र आणलं, म्हणून आपल्याला तो एक प्रसंग वाटतो. जसधवलाची गोष्टही कदाचित अशीच घडली असेल: पुढच्या यात्रेकरूंनी एका जागी पडलेली हाडं पाहिली आणि त्या सगळ्यांना मिळून एक राजा, एक राणी आणि एक वादळ दिलं.

आणि ही वाट कुणी राखली? कुठल्याही राजाने तिच्यावर फरसबंदी केलेली नाही. तिच्यावर जकात नव्हती, चौकी नव्हती. आसपासच्या देवळांतले आठव्या ते दहाव्या शतकांतले लेख या भागात देवीच्या यात्रेची परंपरा तेवढी जुनी असावी, असं सुचवतात. पण खुद्द जातेचं विश्वासार्ह वर्णन एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीआधी मिळत नाही. मधल्या काळात कागद गप्प आहेत. मेंढपाळ दर उन्हाळ्यात बुग्यालांवर मेंढरं नेत राहिले, कुरूडची डोली दर भाद्रपदात बेदनीला जात राहिली, बायका गाण्यांतून जागांची नावं क्रमाने म्हणत राहिल्या. वाट टिकली ती पायांनी आणि गाण्यांनी. राजजातीचा बारा वर्षांचा हिशेब तर सारखा चुकतो: १९६८ नंतर ती १९८७ मध्ये निघाली, मग २०००, मग २०१४. एवढ्या खंडानंतरही वाट सापडते, कारण खालचा टप्पा दर वर्षी चालता असतो आणि वरच्या टप्प्याची नावं तोंडपाठ असतात.

वाणची वेस

आता त्या चामड्याच्या पादत्राणांकडे येतो. राजजातीचा जुना नियम असा की वाणच्या पुढे चामड्याच्या वस्तू न्यायच्या नाहीत, गाजावाजा करायचा नाही, आणि बायकांनी जायचं नाही. नंदेला लेक मानणाऱ्या, तिच्यासाठी रडणाऱ्या बायकांची सोबत वाणच्या वेशीपाशी संपायची. पुढची वाट पुरुषांची आणि लाटू देवतेची. अस्पृश्य मानलेल्या जातींनाही तिथेच थांबवलं जाई. अलीकडच्या राजजातींत बायका वाणच्या पुढे गेल्या आहेत. त्यावर वादही झाले आहेत, आणि वाद घालणारे परंपरेचा हवाला देतात.

हाडं मात्र वेगळं सांगतात. उपखंडातले ते तेवीस जण आणि भूमध्य प्रदेशातले चौदा, या दोन्ही गटांत पुरुषांबरोबर बायका आहेत. सातव्या ते दहाव्या शतकांतही या वाटेवर बायका होत्या आणि १८०० च्या सुमारासही होत्या. त्यांनी वाण ओलांडलं, बेदनीचं गवत ओलांडलं, कैलू विनायकाला हात जोडले असतील तर तेही केलं, आणि भगुवाबासाची चढण चढून त्या धारेपर्यंत पोचल्या. त्यांच्या सोबत्यांच्या पायांत चामडं होतं. या सगळ्या यात्रेकरूच होत्या असं मी म्हणत नाही. पण बाईच्या पावलाने ही वाट कधी पाहिलीच नव्हती, असं आता कुणाला म्हणता येणार नाही.

आणि गंमत अशी की गोष्टही हेच सांगते. जसधवलाच्या गोष्टीतली मुख्य व्यक्ती बाई आहे, तीही दिवस भरलेली. गोष्ट सांगणाऱ्यांनी तिच्या बाळंतपणाला विटाळ ठरवलं आणि सगळ्यांच्या मरणाचा दोष तिच्या माथी मारला. तिच्या आधी नर्तकींच्या माथी मारला. वाटेवरची दोन ठिकाणं त्या बायकांच्या नावाने ओळखली जातात, एक नाचणारीचं आणि एक बाळंतिणीचं, आणि दोन्ही शिक्षेची म्हणून दाखवली जातात. मला ही गोष्ट उलट्या बाजूने वाचावीशी वाटते. नियम ज्या बाईला दूर ठेवतो, तिला गोष्टीने वाटेवरच ठेवलं आहे. बायका इथे येत होत्या ही आठवण पुसता आली नाही, म्हणून तिला पापाचा पोशाख चढवला. हाडांनी तो पोशाख तेवढा उतरवला.

डेक्कन कॉलेजमध्ये तपासल्या गेलेल्या कवट्यांवर गारांचा मार दिसतो. गारा विटाळ पाहून पडत नाहीत. भाद्रपदात, मान्सून सरता सरता, पाच हजार मीटरांवरच्या उघड्या धारेवर कुणीही सापडलं तर जे व्हायचं तेच झालं.

वाट बंद करताना

१९९० नंतर या वाटेवर ट्रेकिंगची गर्दी वाढत गेली. सांगाड्यांचं तळं पाहायला येणाऱ्यांनी हाडं हाताळली, रचून फोटो काढले, आणि कित्येकांनी ती आठवण म्हणून घरी नेली. हाडांबरोबरच्या वस्तूही गेल्या. एखाद्या जागेचा पुरावा इतक्या सहज खिशातून जाण्याची उदाहरणं आपल्याकडे कमी नाहीत. पण इथे दरडींनी आधीच विस्कटलेल्या ढिगाऱ्यातून माणसांनी आणखी उचलत जावं, हे फार वाईट झालं. कुठलं हाड कुठल्या उतारावर होतं हे आता कधीही कळणार नाही, आणि वर मांडलेला वाटेचा मुद्दा तपासायला नेमकी तीच माहिती लागते.

बुग्यालांचीही दुर्दशा झाली होती. आली, बेदनी आणि बगजी या बुग्यालांच्या रक्षणासाठी स्थानिक समितीने केलेल्या याचिकेवर उत्तराखंड उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१८ मध्ये निकाल दिला. कुरणांवर रात्रीचा मुक्काम बंद, पर्यटकांच्या संख्येवर दोनशेची मर्यादा, पक्की बांधकामं काढून टाका. गवतासाठी हे गरजेचंच होतं. तंबूखालचं बुग्याल एकदा उघडं पडलं की त्या उंचीवर गवत परत धरायला वर्षानुवर्षं लागतात. पण वाणहून रूपकुंडापर्यंतची चाल तीन-चार दिवसांची, आणि मधले मुक्काम कुरणांवर. मुक्काम बंद म्हणजे वाट जवळपास बंद. वाण आणि लोहाजंगच्या तरुणांचं वाटाड्याचं, खेचरांचं आणि स्वयंपाकाचं काम त्याबरोबर गेलं.

निकाल चूक की बरोबर हा माझा विषय नाही. मला काळजी वाटते ती वाट चालती ठेवणाऱ्या माणसांची. माझ्याबरोबर वाणचा जो वाटाड्या होता, त्याला भगुवाबासाच्या पुढच्या प्रत्येक मोठ्या दगडाचं नाव माहीत होतं, आणि ढग उतरले तेव्हा आम्ही त्या नावांच्या भरवशावरच खाली आलो. ते ज्ञान कुठल्या नकाशात नाही. ते दर वर्षी वापरलं तरच पुढच्या पिढीत उतरतं. वाटाड्याचं काम सुटलं की त्याचा मुलगा डेहराडूनला किंवा दिल्लीला जातो, आणि वरच्या दगडांची नावं म्हणणारं कुणी उरत नाही. हजार वर्षं जी वाट राजांवाचून आणि कागदांवाचून टिकली, ती माणसांवाचून टिकणार नाही.

करता येण्यासारख्या गोष्टी लहान आहेत. वाणपासून होमकुंडापर्यंतच्या सगळ्या जागांची नावं, त्यांचे अर्थ आणि त्यांच्याशी जोडलेली गाणी, तिथल्याच बायका-पुरुषांकडून ऐकून, गढवालीत उतरवून घ्यायला हवीत. दर जागेची नीट नोंद करून मगच उरलेल्या हाडांना हात लावायला हवा. आणि पाटीवर ‘पत्थर नाचनी’ न लिहिता ‘पातर नचौनी’ लिहायला हवं. फरक थोड्याच अक्षरांचा आहे. पण त्यात नाचणारी बाई दगड होते की बाई राहते, हे ठरतं.